आशाताई, तुमच्या चार ओळींच्या चिठ्ठीबद्दल

आदरणीय आशाताई,

स. न. वि. वि.

"बाळंतपणाचा 14 वा दिवस. चार दिवसांपासून डोकं दुखते, आडवं झालं की जास्त. वाकलं की दोन्ही डोळ्यांपुढे अंधारी, दहा आकडे मोजेपर्यंत. बीपी सिस्टरनं पाहिला, 118/76." एवढंच लिहून तुम्ही बाळंतिणीला नेत्रविभागात पाठवलंत. निम्मं निदान त्या चिठ्ठीतच होतं. मनापासून आभार.

नुसता तक्ता वाचायला लावला असता तर ती 6/6 वाचून घरी गेली असती. घात इथंच होतो. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली की रक्त तुंबतं, कवटीतला दाब चढतो आणि डोळ्यामागची नस सुजते. सुरुवातीला नजर शाबूत असते. वाकताना-उठताना तेवढी काही सेकंद लाइट गेल्यासारखी होते. घरचे त्याला अशक्तपणा म्हणतात, शिबिरात चष्म्याचा नंबर निघतो. बाहुली मोठी करून आत पाहिलं तेव्हा सूज दिसली. साधा सीटी स्कॅन अशा वेळी नॉर्मलही येऊ शकतो, म्हणून शिरांचा एमआरआय करायला पाठवलं. गुठळी सापडली, रक्त गोठू न देणारं हेपारिन सुरू झालं.

बीपी लिहिलात हे फारच बरं. तो 140/90 किंवा वर असता तर बाळंतपणानंतरच्या बीपीचा विचार आधी करावा लागला असता. त्यातही डोकं दुखतं, डोळ्यांपुढे ठिपके येतात.

आणि उशाशी भरलेला तांब्या ठेवायला लावलात, त्याचेही आभार. पोट सुटेल म्हणून बाळंतिणीचं पाणी तोडतात, वरून मे महिन्यात बाजेखाली शेगडी! बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त तसंही लवकर गोठतं. अंगातलं पाणी आटलं की धोका आणखी वाढतो.

पुढच्या भेटींत एक विचारत चला: लांबचा विजेचा खांब दोन दिसतो का? शेजारी शेजारी दोन दिसून एक डोळा झाकताच एकच उरत असेल, तर वाढलेल्या दाबानं डोळा बाहेर वळवणारी नस दबलेली असू शकते. सोबत उलटी, झटका किंवा हातापायात कमजोरी असेल तर आमच्याकडे नको, थेट 108.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं. एका डोळ्यावर पडदा पडून पाच-दहा मिनिटांत उघडला, तर बहुतेकदा मानेच्या रक्तवाहिनीतून बारीक गुठळी सुटलेली असते. "आता दिसते जी" म्हणतील, तरी त्याच दिवशी पाठवा. अचानक एका बाजूचं दिसेनासं होऊन माणूस त्याच बाजूच्या दाराला धडकू लागला, तर मेंदूत गुठळी अडकलेली असू शकते; शेवटचा नीट होता ती वेळ लिहा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथून साडेचार तासांच्या आतच देतात.

चिठ्ठीसोबत सिकलसेल तपासणीचं कार्डही पाठवत जा. त्या आजारातही गुठळ्या होतात, आणि कार्ड घरी राहिलं की तपासणी पुन्हा करावी लागते.

आपले,
नेत्रविभागातील सर्वजण
ग्रामीण रुग्णालय, जि. यवतमाळ