त्या तिसऱ्या फोनबद्दल, सिस्टर

सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यासाठी तुमचे आभार मानायचे आहेत ते आम्ही बायका एकमेकींच्या कानातसुद्धा बोलत नाही.

मी दवाखान्यात आले होते खोकल्यासाठी. नंबर लागायला वेळ होता. तुम्ही वजन घेतलंत, बीपी बघितलंत आणि केसपेपर चाळत विचारलंत, "वय 41. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, कधी केली होती?" कधीच नाही, म्हटलं. दोन बाळंतपणं झाली, कितीतरी दवाखान्यांच्या पायऱ्या चढले, पण हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मला काही त्रास नाही, असंही वर सांगितलं.

"त्रास नाही तोवरच करायची असते ही तपासणी, ताई," तुम्ही म्हणालात. मग खुर्ची जवळ ओढून समजावलंत. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या जुन्या, न गेलेल्या संसर्गातून होतो. हा विषाणू इतका सर्रास आढळतो की तो कुणाच्याही चारित्र्याचा पुरावा नाही. प्रतिकारशक्ती चांगली असेल, तर बिघडलेल्या पेशींचा कर्करोग व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. म्हणजे वेळ हातात असतो, फक्त कुणीतरी बघायला हवं.

सगळं पटलं, तरी मी "पुढच्या वेळी" म्हणून निघाले. तुम्ही वहीत नोंद केलीत. एक फोन आला, मी टाळला. दुसरा आला, पाहुणे आहेत म्हणाले. तिसऱ्या फोनवर तुम्ही ना रागावलात, ना घाबरवलंत. "भीती वाटते का?" एवढंच विचारलंत. हो म्हटल्यावर मला रडू आलं आणि दुसऱ्या दिवशी मी आले.

पडदा ओढलेला, अंगावर चादर. प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होतात. "थांबा म्हणालात की मी थांबेन." लहानसा ब्रश, थोडासा दाब, काही मिनिटांत झालं. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं अंग चोरत होते!

रिपोर्टमध्ये बदललेल्या पेशी निघाल्या. तो कागद माझ्या हातात नुसता ठेवला असतात, तर मी कोसळले असते. तुम्ही बोलावून घेतलंत आणि पहिलं वाक्य म्हणालात, "हा कर्करोग नाही." पुढे कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी झाली. त्यात पिशवीच्या तोंडाला सौम्य आम्ल लावल्यावर बिघडलेला भाग पांढरा दिसतो. बायोप्सी झाली, आणि तेवढाच भाग तारेच्या लूपने काढला. जागा बधिर केली होती. त्याच दिवशी घरी आले. सहा महिन्यांनी एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली. पिशवी शाबूत आहे. किमो नाही, रेडिएशन नाही. घरात कुणाचं काही विस्कटलं नाही.

लेकीचंही तुम्हीच बघितलंत. ती 12 वर्षांची. एचपीव्हीची लस 9 ते 14 या वयात देणं सगळ्यात चांगलं, हे मला तुमच्याकडून कळलं. लशीने या कर्करोगाच्या सुमारे 70 टक्के रुग्णांमागे असलेले या विषाणूचे 16 आणि 18 हे दोन प्रकार रोखले जातात, पण सगळे नाहीत, म्हणून मोठेपणी तपासणी तिलाही करावी लागेल, हेही तुम्ही तिच्यासमोरच सांगितलंत. तिने दहा प्रश्न विचारले. तिच्या वयात मला एकही विचारता आला नसता.

डॉक्टरांनाही माझे मनापासून आभार कळवा. मला फोन करायला तुम्हाला वेळ मिळाला, तो त्यांनी दिला म्हणून.

आणि एक विनंती. माझ्या जाऊबाईंनी ही तपासणी कधीच केलेली नाही. त्या 52 वर्षांच्या आहेत. माझं सगळं ऐकून काल रात्री हो म्हणाल्या. सोमवारी त्यांना घेऊन येते. गर्दी नसलेली वेळ द्या, आणि आधी सगळं सांगा, जसं मला सांगितलंत. त्यांनी ऐनवेळी पाय मागे घेतला, तर वहीत नाव मात्र लिहून ठेवा.

तुमचीच,
केसपेपरवरची 41 वर्षांची ताई