हमिंग येतंय म्हणून अर्थिंगची पिन तोडू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी मालवण तालुक्यात हळदी, बारशी, साखरपुडे असल्या घरगुती कार्यक्रमांना छोटा साऊंड लावतो. आता जवळपास प्रत्येक वाडीत एखादा पोरगा डीजेचं काम करतोय आणि मला त्याचा आनंदच आहे, कारण पूर्वी अँप्लिफायरचा रॅक, वेगळे बॉक्स, जाड वायरी एवढं सगळं न्यायला टेंपो लागायचा, आता अँप आतच बसवलेले पॉवर्ड स्पीकर आलेत, दोन टॉप (उंचावर लावायचे मुख्य स्पीकर) आणि कंट्रोलर (डीजेचं गाणी मिसळायचं यंत्र) रिक्षातून जातात. पण ही पेटी जोडायची कशी हे कोणी नीट शिकवतच नाही, त्यासाठी हे पत्र.

गेल्या मे महिन्यात एका हळदीला पाहुणा म्हणून गेलो होतो. खळं (घरापुढचं अंगण) नुकतंच सारवलेलं, अजून ओलसर, सगळे अनवाणी. एक काकी पाट मांडायला म्हणून स्पीकर जरा सरकवायला गेल्या, मागच्या पत्र्याला हात लागला आणि झटकन मागे झाल्या, "रे, ह्येका करंट येता!" पोरगा म्हणाला, "काय नाय काकी, हमिंग येय होता म्हणून पिन काढलंय." हमिंग म्हणजे स्पीकरमधली ती सततची घूंऽऽ. बघितलं तर खरंच, दोन्ही स्पीकरच्या प्लगची वरची जाड पिन पक्कडीने तोडलेली. मी आधी मेन बंद करायला लावला.

ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. आत बिघाड होऊन करंट पत्र्यावर आला तर त्याला जमिनीत जायला तीच वाट असते, ती तोडली की पुढची वाट म्हणजे हात लावणारा माणूस. आणि बिघाड नसला तरी या पेट्यांच्या सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात, अर्थ नसला की त्यांच्यामुळे पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, काकींना बहुतेक तेच झालं. ओल्या खळ्यावर ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

बरं, हमिंग का येत होतं? लॅपटॉपचा चार्जर माजघरातल्या बोर्डाला आणि स्पीकर मांडववाल्याच्या बोर्डाला, म्हणजे दोन ठिकाणचे दोन अर्थ, आणि मधे ऑडिओ केबलने ते एकमेकांना जोडलेले. त्या वेटोळ्यातून जो करंट फिरतो तीच ती घूंऽऽ. सगळं एकाच तीन पिनच्या बोर्डावर घेतलं की बहुतेक वेळा गप्प होतं. दोन टॉप आणि बेसचा एक स्पीकर गाणं वाजताना सरासरी एका इस्त्रीएवढीही वीज खात नाहीत, १६ अँपिअरचा एक चांगला पॉइंट पुरतो, धुराचं मशीन आणि लाईट मात्र वेगळ्या बोर्डावर घ्या. तरीही घूं राहिली तर मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स किंवा आयसोलेटर टाका (ऑडिओ केबलमध्ये बसणारी डबी, सिग्नल जाऊ देते पण अर्थची जोडणी तोडते). अर्थ सिग्नलच्या केबलमध्ये तोडायचा, विजेच्या कधीच नाही.

केबलचंही तसंच. कंट्रोलरच्या मागे एक्सएलआरचा (तीन पिनांच्या गोल प्लगचा) मास्टर आउट असतो तो सोडून पोरं आरसीएची (टीव्हीला लावतात तशी लाल-पांढऱ्या टोकांची) बारीक वायर १५-२० मीटर ओढतात. एक्सएलआरमध्ये तोच सिग्नल दोन तारांतून सुलट-उलट जातो, वाटेत लागलेला आवाज दोन्हींवर सारखा बसतो आणि स्पीकरमध्ये कटून जातो, म्हणून लांब पल्ल्याला तीच हवी. स्पीकरवरचं बटण लाईनला ठेवा, माईकला राहिलं की आवाज लगेच फाटतो. चालू करताना आधी कंट्रोलर, स्पीकर शेवटी, बंद करताना आधी स्पीकर, म्हणजे तो धाडकन ठोका बसत नाही. कंट्रोलरवर लाल लाईट पेटत असेल तर स्पीकर फुटायची वाट बघू नका, आवाज खाली घ्या.

आणि विकत घेताना बॉक्सवरचे २००० वॅट बघून भुलू नका, तो आकडा बहुधा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. म्हणून मॅक्सिमम एसपीएल, म्हणजे जास्तीत जास्त किती डेसिबल आवाज निघतो, ते विचारा, आपल्या खळ्यात ८०-१०० माणसांना दोन चांगले १२ इंची टॉप भरपूर होतात, फक्त माणसांच्या डोक्यावरून जातील इतके उंच लावा आणि माईकच्या पुढे ठेवा, नाहीतर गाऱ्हाणं घालताना शिट्टी वाजणार. आपल्याकडे खारी हवा, एक्सएलआरच्या पिना काळ्या पडतात, पावसाळ्यात पेटी महिनोन् महिने बंद करून ठेवू नका, अधूनमधून वाजवा. (रात्री १० नंतर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला मुद्दाही मुलांना कोणीतरी सांगायला हवा.)

माझी विनंती मांडववाल्यांनाही आहे. तुमच्या बोर्डाला तिसऱ्या पिनची वायर खरंच अर्थला जोडलेली आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा. आणि संपादकसाहेब, गणपतीच्या आधी आयटीआयच्या एखाद्या इलेक्ट्रिशियन निदेशकांना सांगून आपल्या पेपरात अर्थिंगवर चित्रासकट अर्धं पान छापता आलं तर बघा, मी ते कापून आमच्या वाडीतल्या प्रत्येक पोराच्या घरी नेऊन देईन.

आपला नेहमीचा वाचक,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग