आबांचा चाकू

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून ना पत्र, ना फोन. पोरीचा साखरपुडा झाल्याचं दुसऱ्याकडून कळलं, तरी मी गप्पच राहिलो. माफ कर. माझी साखर आटोक्यात आहे, बाकी ठीक. आज लिहितोय ते आबांच्या चाकूपायी. घरात सगळे म्हणतात, बरं केलंस. तू तसं म्हणणार नाहीस, म्हणून तुला.

तोच चाकू, १९७८ च्या चैत्रात जोतिबाच्या यात्रेत घेतलेला. सासनकाठ्या बघायच्या सोडून आपण दोघं त्या पालापाशी, अंगभर गुलाल. तू ‘रामपुरी, रामपुरी’ म्हणून नाचत होतास. आबांनी पातं उघडून दाखवलं, की रामपुरीला खटका असतो, तो सोडवल्याशिवाय पातं मिटत नाही. ह्याच्या पाठीत नुसती पट्टी, बोट मध्ये आलं की कापलंच. घरी आल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिलाच नाही. हातोहात दिला की भांडण लागतं. मिटून कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाले, “उचल. कापलं तर रडत यायचं न्हाई. हळद लावायची आन् सांगाय यायचं.”

भांडण तरी कुठं टळलं? रॉकेलच्या डब्याचं बूच उचकटताना टोक तू मोडलंस आणि ४७ वर्षं माझं नाव घेतोस. ते मोडकं टोक अजून तसंच आहे, ये आणि बघ. पण जोंधळ्याच्या धाटाच्या बैलगाड्या त्यानंच केल्या. भेंडाची चाकं, सालीचे आरे. तुझी गाडी माझ्यापेक्षा देखणी व्हायची, हे मात्र कबूल.

मी सांगलीला शिकायला गेलो तेव्हापासून चाकू आबांच्या बंडीत. ऊस सोलायला, कडब्याची पेंढी सोडायला, सगळ्याला तोच. रविवारी निसण्यावर धार. पण हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, चालू आहे. कृत्रिम, मेकॅनिकल झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ती गोळी जन्मभर घ्यायची. मेथी-पालकसुद्धा एकदम कमी-जास्त करायची नाही आणि रक्त सारखं तपासायचं. हातही आता थरथरतो.

गुरुवारी दुपारी ते गोठ्यामागं बसलेले दिसले. अंगठ्याला फडकं, फडक्याला हळद, आणि सगळं रक्तानं भिजलेलं. कधी कापलं, सांगेनात. ‘सांगाय यायचं’ एवढं मात्र त्यांनी स्वतःसाठी गाळलं होतं. दवाखान्यात नेऊन टाके घातले तेव्हा रक्त थांबलं.

संध्याकाळी मी म्हणालो, “आबा, चाकू माझ्याकडं द्या.”

“मी काय ल्हान पोरगं हाय व्हय?”

मी काहीच बोललो नाही. बराच वेळ गेला. मग त्यांनी बंडीत हात घातला, चाकू काढला. मी हात पुढं केला होता, दिल्या. त्यांनी हातात दिला नाही. घोंगडीवर ठेवला, आमच्या दोघांच्या मध्ये. “उचल,” म्हणाले.

मी उचलला. पण तेव्हापासून त्यांनी उसाला हात लावलेला नाही. मी सोलून, गंडेऱ्या करून ताटलीत ठेवतो, ताटली तशीच परत येते. काल सोलताना पातं माझ्याकडं वळलं, तर अंगणाच्या पलीकडून ओरडले, “अंगाकडं न्हाई, भायेर!” चार दिवसांत तेवढंच बोलणं. मी चुकलो का रे? रक्त आठवलं की वाटतं, नाही. त्यांची रिकामी बंडी बघितली की झोप लागत नाही. बोथट करून परत द्यावा असंही मनात आलं, पण आबा अंगठा फिरवून एका क्षणात ओळखतील, आणि ती फसवणूक मला जमणार नाही.

तुझ्या घराचा स्लॅब पडला का? वहिनींचा गुडघा कसा आहे? पोरीला आशीर्वाद.

ह्या रविवारी येशील का? आबांना तू लागतोस. ऊस मी तोडून ठेवतो, सोलायचा तू, त्यांच्यासमोर बसून. तुझ्या हातचा कदाचित खातील.

तुझा,
सुऱ्या