कोचनी देऊ केलेल्या कामाबद्दल

प्रिय सोन्या,

फोनवर बोलायला गेलं की तू ‘आय नो, आई’ म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच. रविवारच्या मराठी शाळेत तुला ओढत नेलं त्याचं कुठेतरी चीज होऊ दे. अडलं तर बाबांना विचारू नकोस, ते नेमक्या महत्त्वाच्या ओळी गाळून सांगतील.

परवा तू अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलंस की कोच म्हणाले, तुझी ही उंची, ही अंगकाठी वाया घालवायची नाही, संघात तुझ्यासाठी एक ‘रोल’ आहे. सतरा वर्षांच्या मुलाला असं कोणी म्हटलं की छाती फुगणारच. बाबांचीही फुगली. पण तो रोल कोणता हे तुलाही कळलंय आणि मलाही: संघासाठी मारामारी करणाऱ्याचा. कॅनडात, या सस्कॅचेवानमध्ये इतके हिवाळे काढून बर्फावरच्या हॉकीतलं काही कळत नाही म्हणायची सोय मला राहिलेली नाही.

मी ‘नाही’ म्हणायला लिहीत नाहीये. आधी चांगलं तेच सांगते, नाहीतर म्हणशील आई नुसती घाबरवते. एडमंटनच्या संघात हॉकीतल्या दिग्गज पण बारीक चणीच्या वेन ग्रेट्स्कीच्या आसपास डेव्ह सेमेन्को असायचा. ग्रेट्स्कीला कोणी वेडावाकडा धक्का दिला की सेमेन्को त्याच्यासमोर जाऊन उभा. त्यामुळे ग्रेट्स्कीला हात लावताना लोक दोनदा विचार करायचे. १९८८ मध्ये ग्रेट्स्की लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा त्याच सौद्यात मार्टी मॅकसॉर्लीही गेला. उगाच नाही. आपल्या माणसाच्या अंगावर येणारं स्वतःच्या अंगावर घेणं याला मी कमी लेखत नाही. ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांचा सगळ्यात लाडका बहुतेक वेळा हाच माणूस असतो, आणि बाहेर सगळ्यात मवाळही तोच.

आता यातला व्यवहार बघ. मारामारीला पाच मिनिटांची पेनल्टी, पण ती दोघांनाही. दोघं शिक्षेच्या बॉक्समध्ये जाऊन बसतात आणि बर्फावर पुन्हा पाच विरुद्ध पाच. म्हणजे संघाचं काहीच जात नाही. प्रेक्षक उभे राहून ओरडतात, बाकावरची पोरं स्टिक आपटतात, कोचला हवा तो जोश मिळतो, आणि हे सगळं एका मुलाच्या बोटांवर आणि डोक्यावर. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात ना, ते हेच.

तुझे आजोबा खासबाग मैदानातल्या कुस्त्यांचं वर्णन करायला लागले की जेवण थंड व्हायचं. तुला वाटत असेल, आपल्या घरात हे नवं नाही. पण पैलवान स्वतःच्या नावाने उतरतो, जोड आधी ठरलेली असते, आणि चितपट झाली की कुस्ती संपली. तुझ्या कामात भांडण दुसऱ्याचं असतं. कुणी हरलं तरी पुढच्या महिन्यात तोच समोर, आणि मधले सगळे दिवस तो मनात.

त्या मधल्या दिवसांबद्दल कोच बोलत नाहीत. ज्यांनी हे काम केलं त्यांतले कितीतरी जण सांगतात की ठोसा खाण्यापेक्षा वाईट असते आदल्या रात्रीची झोप. वेळापत्रक हातात आलं की आधी पाहायचं, कुठल्या तारखेला कोण आहे. आणि हे कुणाला सांगायची चोरी, कारण घाबरायचं नाही हेच तर तुझं काम.

डेरेक बूगार्डचं नाव तू ऐकलंयस. तो इथलाच, सॅस्कटूनला जन्मलेला, पोलिसात असलेल्या बापाचा मुलगा. पंधरा-सोळाचा असताना मेलफर्टच्या एका सामन्यात तो चिडून समोरच्या संघाच्या बाकावर घुसला. घरच्यांना वाटलं असेल, संपलं याचं हॉकी. पण प्रेक्षकांत आपल्या रिजायनाच्या संघाचे स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे, बसले होते आणि त्यांनी त्याचं नाव आपल्या यादीत घातलं. त्याचं स्केटिंग किंवा पास बघून नव्हे, हे लक्षात घे. पुढे सहा फूट सात इंच झाला, मिनेसोटा वाइल्डकडून खेळला, ‘बूगीमॅन’ म्हणून लोक डोक्यावर घेऊन नाचले. २००६ मध्ये एका ठोशात त्याने टॉड फेडोरुकच्या गालाचं हाड असं फोडलं की धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. नंतर तोच फेडोरुक मिनेसोटात त्याचा सहकारी झाला. द्वेष वगैरे काही नव्हता, नोकरी होती ती.

एनएचएलमध्ये, म्हणजे हॉकीच्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, एकूण २७७ सामने, गोल ३, आणि पेनल्टी ५८९ मिनिटं. २०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याच्याशी चार वर्षांचा ६५ लाख डॉलरचा करार केला. पैसे खरे होते, ते मी नाकारत नाही. त्याच डिसेंबरात ऑटवात मॅट कार्कनरशी झालेली मारामारी त्याची शेवटची. डोक्याला मार बसला, मग तो खेळलाच नाही. १३ मे २०११ ला मिनियापोलिसमध्ये गेला. वय २८.

कशाने गेला ते मी आई म्हणून नाही, फार्मसीच्या काउंटरमागे उभी राहणारी बाई म्हणून सांगते. दारू आणि ऑक्सिकोडोन. दोन्ही श्वास मंदावतात, आणि एकत्र आले की झोपेतला माणूस श्वास घ्यायचाच विसरतो. त्याला गोळ्यांची सवय हातांपासून आणि पाठीपासून लागली. हात सुजायचे, पाठ दुखायची, शस्त्रक्रिया झाल्या, मग गोळ्या, मग आणखी गोळ्या, वेगवेगळ्या डॉक्टरांकडून. कोणी त्याला बळजबरीने दिल्या नाहीत. दुखतंय म्हणणाऱ्या, उद्या पुन्हा खेळायचं असलेल्या मोठ्या माणसाला कोण नाही म्हणणार? आमच्याकडे आता प्रांतभर कोणी कुठून काय घेतलं ते पडद्यावर दिसतं, तरीही रोज एखादा चेहरा असा येतो की हातातली चिठ्ठी दोनदा वाचावी लागते.

त्याचा मेंदू घरच्यांनी बॉस्टन विद्यापीठाला दिला. डोक्याला वारंवार मार बसून होणारा सीटीई नावाचा आजार त्यात निघाला, तोही त्या वयाच्या मानाने फार पुढे गेलेला. जिवंतपणी हा आजार खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे ‘टेस्ट करून बघू’ हा मार्ग नाही. हेच काम करणाऱ्या बॉब प्रोबर्टच्याही मेंदूत तो निघाला होता, तो ४५ व्या वर्षी गेला. बूगार्ड गेला त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन आणि वेड बेलाक गेले, २७ आणि ३५ चे. तिघांचं काम एकच. २०२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी असे खेळाडू आणि त्यांच्या बरोबरीचे इतर खेळाडू पडताळून पाहिले. किती गेले यात फारसा फरक नव्हता, पण हे सरासरी दहा वर्षं आधी गेले, आणि कारणांत गोळ्या आणि आत्महत्या जास्त.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही लिहायलाच हवं. ‘ग्रिम रीपर’ म्हणवून घेणारा स्टू ग्रिमसन नंतर वकील झाला. प्रिन्स्टनमध्ये शिकलेला जॉर्ज पॅरोस २०१३ मध्ये मारामारीत तोंडावर बर्फावर आपटला, स्ट्रेचरवरून नेला. आज एनएचएलमध्ये कोणी कोणाला वाईट मारलं तर किती सामने बंदी, हे ठरवणाऱ्या विभागाचा प्रमुख तोच आहे. यावर काय बोलावं ते मला सुचत नाही.

तुझी ती मारामारीची क्लिप मी पाहिली. आवाज बंद करून, पण तीनचारदा पाहिली. ग्लोव्हज पडले, डाव्या हाताने तू त्याची जर्सी खांद्यापाशी घट्ट धरलीस, त्याचा उजवा हात अडकून राहील अशी, आणि मग हनुवटी खाली घेतलीस. हे कोणाला आपोआप येत नाही. तुला हे कोणीतरी दाखवलंय, बहुधा सराव संपल्यावर, बाकी पोरं निघून गेल्यावर. मारामारीपेक्षा मला त्याचाच राग आला. तो मुलगा गुडघ्यावर गेल्यावर तू थांबलास, तेही पाहिलं. ते मात्र आपल्या घरातलं.

आणखी एक, जे कोचना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. हे काम संपत चाललंय. एनएचएलमध्ये २००८-०९ च्या मोसमात सातशेच्या वर मारामाऱ्या झाल्या, दहा वर्षांनी त्याच्या निम्म्याही नव्हत्या. पगारावर मर्यादा आली, खेळ वेगवान झाला, नुसता मारणारा माणूस बाकावर बसवून ठेवणं परवडेनासं झालं. प्लेऑफमध्ये, म्हणजे जेव्हा खरंच जिंकायचं असतं तेव्हा, अशा माणसाला बहुतेक वेळा बसवूनच ठेवत. क्युबेकच्या मेजर ज्युनियर लीगने, म्हणजे तुझ्या वयाच्या पोरांच्या लीगने, तर २०२३ मध्ये मारामारी केली की सामन्यातून थेट बाहेर, असं केलंय. म्हणजे तू शिकायला निघालायस ती विद्या विकत घेणारं गिऱ्हाईकच कमी होतंय.

तेव्हा कोचना एक विचार: ‘मला पेनल्टी किलवर, म्हणजे आपला माणूस शिक्षेत असताना एक कमी घेऊन गोल वाचवायला, खेळवाल का?’ तुझ्या हाताची लांबी तिथे उपयोगाची आहे, पक, म्हणजे ती रबरी चकती, अंगावर घ्यायला तू घाबरत नाहीस, आणि गोलसमोरून तुला हलवायला दोन माणसं लागतात. ‘हो’ म्हणाले तर त्यांना हॉकीपटू हवाय. ‘आधी तो रोल, मग बघू’ म्हणाले तर काय हवंय ते तुला कळेलच. कोणी तुझ्या गोलरक्षकावर धावून गेला आणि तू मध्ये पडलास, तर मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. पण समोरून कोणीतरी डोळा मारला आणि बाकावरून मान हलली म्हणून ग्लोव्हज टाकणार असशील, तर निदान तू कोणाच्या वतीने टाकतोयस ते ठाऊक असू दे.

डोक्याला लागलं, नुसती घेरी आली किंवा दिवे डोळ्यांना टोचले, तरी ट्रेनरला त्याच दिवशी सांगायचं. आणि कोणाच्याही बॅगेतली गोळी घ्यायची नाही, जीवश्च कंठश्च मित्र असला तरी. रात्री दोन वाजता मला फोन कर, मी जागी असते.

शनिवारी आम्ही येतोय. बिलेटच्या घरी, म्हणजे तू राहतोस त्या कुटुंबाकडे, त्यांच्या आजींना लाडू आवडले होते ना, ते आणते. कोचना मी भेटणार नाही, तसं तुला वचन दिलंय. पण पेनल्टी किलचं शुक्रवारच्या आत विचार.

तुझी
आई