बाबा, एक फोन कराल का?

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर धड बोलताच आलं नाही, डिपार्टमेंटला ओरल्स चालू होत्या आणि मागे नुसता गोंधळ, म्हणून म्हटलं बसून लिहूनच काढते. आणि बाबांची शुगर किती आली ते अजून कुणी सांगितलं नाहीये हां, आई तू तरी खरं सांग.

तर मी शिकवते त्या मेकॅनिकलच्या सेकंड इयरला एक मुलगी आहे, सांगोल्याकडची. वर्गात मुली सातच. फिटिंगच्या जॉबला ही कानस अशी चालवते की शॉपमधले मामापण बघत राहतात. पण फर्स्ट इयरच्या दोन केट्या, म्हणजे सुटायचे विषय, राहिल्यात, मॅथ्स आणि ग्राफिक्स, आणि तिचे वडील म्हणतायत बास झालं, पुढच्या आठवड्यात न्यायला येतो. केटी म्हणजे नापास असंच धरून बसलेत ते. (तिला विचारूनच लिहितेय हे सगळं.)

पैशाचा प्रश्न म्हणावा तर तोही नाही. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, तिचीही झालीय. मुलींना ३० टक्के जागा तर आधीपासूनच आहेत. आयआयटीतसुद्धा २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या. ॲडमिशनपर्यंत सगळं ठीक आहे ओ, त्यानंतरची चार वर्षं कशी काढायची ते कुठल्या जीआरमध्ये लिहिलेलं नसतं.

आमच्याकडे मुलींच्या हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद आणि बाहाच्या गाडीचं (कॉलेजची पोरं स्पर्धेसाठी स्वतः बनवतात ती) काम वर्कशॉपमध्ये सुरूच होतं नऊला, मुलं रात्र रात्र वेल्डिंग करतात, जुने पेपर, इंटर्नशिपची ओळख, सिनियरच्या शिव्या सगळं तिथंच मिळतं, आणि मुलींना टीममध्ये घेतात ते पीपीटी करायला. वर्कशॉपला लेडीज टॉयलेट नाही, मेन बिल्डिंगला जाऊन यायचं, म्हणून पोरी प्रॅक्टिकलच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. दोन वर्षं अर्ज देतेय मी. रेक्टर मॅडमशी भांडून टीमच्या मुलींसाठी गेट साडेदहाचं करून घेतलं, एवढंच काय ते जमलं.

बाबा, माझ्या तर तीन केट्या होत्या. स्टँडवरच्या पीसीओवरून रडत फोन केला आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात. मी बॅग भरूनच ठेवलेली. तुम्ही बॅगेकडे बघितलंपण नाही, मेसवर जेवलात, डाळ फार पातळ आहे म्हणालात, सहा महिन्यांचे मेसचे पैसे ॲडव्हान्स भरलेत आणि चारच्या गाडीनं परत. मला इतका राग आलेला तेव्हा! आणि आई, तू भावकीत सांगत फिरलीस की युनिव्हर्सिटीनं निकालच राखून ठेवलाय. वर्षभर राखून ठेवला होता तो निकाल.

त्या मुलीच्या वडिलांना मी दोनदा फोन केला तर हो मॅडम, बरं मॅडम, आणि ठेवला. मॅडमचं ऐकून घेतात, मनावर घेत नाहीत. तुम्ही कराल का? मार्क, नोकरी, पॅकेज असलं काही काढू नका. डाळिंबाची बाग आहे त्यांची, तेल्या रोगापासून सुरुवात करा, तासभर बोलतील. मग मेसच्या डाळीचं सांगा. आणि केटी राहिली तरी पोरगी पुढच्या वर्गात बसलीय, वर्ष वाया गेलेलं नाही, हे तेवढं नीट सांगा, कारण घरात कुणीच त्यांना ते समजावलेलं नाही.

नंबर व्हॉट्सॲप करते. संध्याकाळी सातनंतर करा, आधी ते बागेत असतात. आई, तुला एसटीत आता हाफ तिकीट आहे, ये की चार दिवस, येताना कारळ्याची चटणी जरा जास्त आण, हॉस्टेलवर द्यायचीय.

तुमची,
ताई