तुकाराम लावण्याआधी टीव्हीचं एवढं करा

ती. आई-बाबांस,
सा. न.

नव्या टीव्हीवर काय बघायचं त्याची यादी बाबांनी मागितली होती. नावं खाली लिहिली आहेत, पण आधी टीव्हीचं बघू. जुना सिनेमा 'बघवत नाही' असं वाटतं, तेव्हा बरेचदा दोष सेटिंगचा असतो.

टीव्ही येतो तो दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावा अशा बेतानं लावलेला. रिमोटवरून सेटिंग्ज, मग पिक्चर, मग पिक्चर मोड असं जा. तिथे 'व्हिव्हिड' किंवा 'स्टँडर्ड' असेल ते काढून 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' ठेवा. 'फिल्ममेकर मोड' दिसला तर तोच. चित्र आधी पिवळट वाटेल, दोन दिवसांत डोळा सरावतो. दुसरं, सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि टीव्ही मधली चित्रं मनानं तयार करून घुसडतो. म्हणून सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो आणि माणूस वळला की त्याच्या कडा थरथरतात. हे सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो' या नावाखाली असतं. बंद करा. 'नॉइज रिडक्शन'ही बंद. रिळावरचे कण पुसता पुसता ते चेहऱ्यावरच्या बारीक रेषाही पुसतं, आणि तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस मेणाचे दिसू लागतात.

प्रभात फिल्म कंपनीचे जुने सिनेमे जवळपास चौकोनी आहेत. तुमच्या ४३ इंची पडद्यावर चित्र साधारण २१ इंच उंच आणि २८-२९ इंच रुंद दिसेल, दोन्ही बाजूंना चार-साडेचार इंच काळी पट्टी राहील. ती राहू द्या. पट्टी घालवायला 'झूम' केलं की डोकी कापली जातात, ताणलं की माणसं बुटकी होतात. खूण सोपी आहे: प्रभातचाच 'कुंकू' हा सिनेमा लावा आणि त्यातल्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या, काकासाहेबांच्या घड्याळाकडे बघा. तबकडी गोल दिसली पाहिजे.

आवाजासाठी 'सराउंड' बंद करून 'क्लिअर व्हॉइस' किंवा तशा नावाचं काही असेल ते चालू करा. जुन्या सिनेमांचा आवाज एकाच पट्टीवर ध्वनिमुद्रित झालेला आहे. सराउंड त्यातली खरखर पसरवतं आणि संवाद मागे पडतात. 'कुंकू'त याचा फटका जास्त बसतो, कारण संगीतकार केशवराव भोळ्यांनी तिथे पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे आहेत, आणि त्यांच्या तरुण बायकोची, नीरेची घुसमट त्या आवाजांतूनच कळते. १९३७ साली हे धाडस केलंय.

आता नावं. पहिला 'संत तुकाराम' (१९३६, दामले-फत्तेलाल). आई, तू अभंगांसाठी बघशील, पण या खेपेला गौरीबाईंच्या जिजाईवर लक्ष ठेव. पोरांच्या पोटाची काळजी असलेली ती बाई पांडुरंगाशी भांडते, म्हणून तुकोबा आपल्याला खरे वाटतात. आणि 'आधी बीज एकले' हा तुकारामांचा अभंग नाही, तो शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिला. इतका बेमालूम की भल्याभल्यांना तो गाथेतला वाटला.

यूट्यूबवर एकाच सिनेमाच्या दहा प्रती दिसतात. त्यातून निवडताना आधी लांबी बघा. 'तुकाराम' १३१ मिनिटांचा आहे. टीव्हीच्या २५ चित्रांच्या गतीनं उतरवलेली प्रत १२६ पर्यंत येते, ते चालेल. पावणेदोन तासांची असेल तर गाणी किंवा प्रसंग कापलेत. काही जण चोरीची प्रत पकडली जाऊ नये म्हणून चित्र आरशासारखं उलटं करून टाकतात. सगळे डाव्या हातानं जेवताना दिसले की ती प्रत सोडून द्या. गियरच्या चिन्हातून क्वालिटी 'ऑटो'वरून काढून मिळेल ती सर्वात वरची ठेवा.

मग 'जगाच्या पाठीवर' (१९६०): राजा परांजपे, गदिमा, सुधीर फडके, आणखी काय सांगायचं. 'सामना' बाबांसाठी. तेंडुलकरांची लेखणी आणि निळू फुले-डॉ. लागू समोरासमोर. तो सलगच बघा, मध्ये जेवायला उठू नका.

फाळक्यांचं आपण नाशिककर नुसतं नाव घेतो. पांडवलेण्यांच्या पायथ्याचं स्मारक बघून होतं, सिनेमा बघायचा राहतो. 'राजा हरिश्चंद्र'ची रिळं अर्धवटच उरली आहेत, त्यामुळे सुरुवात 'कालिया मर्दन'पासून (१९१९) करा. त्यात कृष्ण झालीय त्यांची मुलगी मंदाकिनी. माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर दोष चित्रीकरणाचा नाही. मूकपट हातानं हँडल फिरवून, सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं घेऊन काढत, आणि आपण ते २४ नं चालवतो. प्लेबॅक स्पीड ०.७५ करा, चाल माणसासारखी होते. मागे जोडलेलं संगीत मात्र रडवेलं होईल, म्हणून आवाज बंद. त्यानंतर लगेच परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) लावा, म्हणजे आत्ता पाहिलेलं कसं घडलं ते दिसेल.

नव्यांपैकी 'अस्तु' आणि 'नटसम्राट' दोन्ही उतारवयाबद्दलचे आहेत. मला विचाराल तर 'अस्तु' आधी. मोहन आगाशेंचे संस्कृतचे प्राध्यापक सगळं विसरत हत्तीमागे चालत जातात, आणि माहुताची बायको झालेली अमृता सुभाष त्यांना सांभाळते. हा सिनेमा दुःखी करतो, पण घाबरवत नाही. 'नटसम्राट' कुसुमाग्रजांचा, म्हणजे आपल्या गावचाच, पण मोठ्या आवाजाचा आणि जड आहे. दोन्ही दुपारी बघा, झोपायच्या आधी नको. 'कोर्ट'मध्ये कॅमेरा एका जागी लांब थांबतो. पहिली वीस मिनिटं धीर धरा, मग त्या न्यायालयाचा कंटाळाच अंगावर यायला लागतो, आणि तो तसा यावा म्हणूनच सिनेमा तसा काढलाय.

थिएटरात मात्र महिन्यातून एकदा तरी जा. मराठी सिनेमा लागला की पहिल्याच आठवड्यात गाठा. दुसऱ्या शुक्रवारी शो कमी होतात, उरतो तो भलत्या वेळेचा. पुढच्या आठवड्याच्या वेळा साधारण बुधवार-गुरुवारी कळतात. जुने सिनेमेही दुरुस्त होऊन परत लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये राज कपूर यांच्या शताब्दीला त्यांचे दहा सिनेमे देशभर शंभर रुपये तिकिटात दाखवले होते. अशा वेळी 'टीव्हीवर पाहिलाय' म्हणून सोडू नका.

सिटी सेंटर मॉलला जाल तर आठवड्यातल्या दिवशी सकाळचा किंवा दुपारचा शो घ्या. तिकीट खिडकीवरच काढा, ॲपवर वरचा आकार बसतो. खिडकीवर विचारायचं ते हे: 'आत जायचं दार कुठल्या रांगेजवळ आहे?' त्याच्या जवळची, पण पडद्यापासून निम्म्याच्या मागची रांग मागा, म्हणजे पायऱ्या कमी चढाव्या लागतील. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, भिंतीचे स्पीकर बाकीचे आवाज फेकतात. म्हणून भिंतीकडच्या खुर्च्या नकोत, मधल्या भागातल्या कडेच्या दोन घ्या. बाबांना पाय लांब करता येईल. जाहिराती चालू असताना, दिवे असतानाच बसून घ्या, कारण अंधारात पायरीची कड दिसत नाही. आईची शाल पिशवीत राहू दे.

सेटिंगमध्ये अडलात तर पडद्याचा फोटो पाठवा, मी फोनवर सांगते.

तुमची,
लेक