नोटीस गेली, पण कुठे गेली?

मा. संपादक,
स. न.

हप्ते थकले म्हणून गाडी ओढून नेल्याच्या बातम्या अधूनमधून वाचतो. त्यांत एकतर कर्जदार बुडवा असतो, नाहीतर वसुलीवाले गुंड असतात. आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात जे घडले ते दोन्हींत नीट बसत नाही, म्हणून हे पत्र.

धाकट्या भावाची टुरिस्ट परमिटची गाडी आहे. बार्शीहून कुर्डुवाडी स्टेशन, तुळजापूर, कधी पुणे अशी भाडी मारतो. गिअरबॉक्स गेला, गाडी दीड महिना गॅरेजला पडून राहिली आणि तीन हप्ते थकले. फायनान्सचे फोन यायचे, हा उचलायचा नाही. आम्हालाही बोलला नाही. मग एका संध्याकाळी कुर्डुवाडी रस्त्यावर मोटारसायकलवरून आलेल्या तिघांनी गाडी अडवली आणि किल्ली काढून घेतली. आत भाड्याची माणसे होती, त्यांत एक म्हातारी. सगळ्यांना सामानासकट रस्त्यावर उतरवले. ओळखपत्र दाखवले नाही, पावती दिली नाही, गाडीत काय काय आहे त्याची यादीही केली नाही. स्टेपनी, जॅक आणि भावाचा जेवणाचा डबा गाडीबरोबर सोलापूरच्या यार्डात गेला. डबा तेवढा परत मिळाला.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. साहेब म्हणाले, "नोटीस पाठवली होती." पाठवली होती हे खरेच, पण जुन्या भाड्याच्या घरी. घर बदलल्याचे भावाने कळवलेच नव्हते. करारात तशी अट होती. ती आम्हाला साहेबांच्या टेबलावर पहिल्यांदा कळली. बत्तीस पानांचा इंग्रजी करार, आणि पानोपानी भावाची मराठी सही. जामीनदार म्हणून माझीही होती. कुठे सही केली हे मलाही आठवत नव्हते, तर त्याला काय बोलणार?

थकलेले 42,600 रुपये, त्यावर दंड, गाडी ओढून आणायचा खर्च, यार्डाचे दिवसाचे भाडे धरून आकडा 61 हजारांवर गेला. भावजयीच्या पाटल्या गहाण पडल्या आणि गाडी सुटली. लिलाव झाला असता तर गाडीही गेली असती आणि किंमत कमी आली की उरलेल्या रकमेसाठी मागणी आमच्याच दारात आली असती. गाडी गेली म्हणजे कर्ज फिटले, असा समज आमच्याकडे सर्रास आहे.

वसुलीसाठी दंडेली चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच बँकांना सुनावले आहे. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला खुपते ते करारातले कलम. ताबा घेण्यापूर्वी नोटीस लागते की नाही, हे कराराच्या अटींवर ठरते, असे याच न्यायालयाने 2020 मध्ये हायर पर्चेसच्या, म्हणजे हप्त्यांवर गाडी घेण्याच्या, एका प्रकरणात म्हटले. म्हणजे सगळी मदार त्या कागदावर. रिझर्व्ह बँकेचे फायनान्स कंपन्यांना सांगणे आहे की नोटिशीची मुदत, ती कधी टाळता येईल, ताबा कसा घेणार, लिलावाआधी पैसे भरायची शेवटची संधी आणि लिलावाची रीत, हे सारे करारात हवे. कर्जदाराशी होणारा पत्रव्यवहारही त्याला कळेल अशा भाषेत हवा. आमच्या करारात ही सगळी कलमे होती, पण इंग्रजीत. ती वाचता येणारे आमच्या गल्लीत कोणी नव्हते.

पाटल्या सुटल्यावर भावाने शाखेकडे त्या कलमाची मराठी प्रत लेखी मागितली. "सिस्टीममध्ये मराठी येत नाही," असे तोंडी उत्तर मिळाले. गाडी घ्या म्हणून सांगणारा याच कंपनीचा मेसेज मात्र दर दिवाळीला मराठीत येतो! तीस दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करणार आहोत; त्यांचा 14448 हा नंबर भावाने आता गाडीच्या डॅशबोर्डावर चिकटवला आहे.

मागणी मोठी नाही. बत्तीस पाने राहू द्यात इंग्रजीत. ताब्याचे आणि पत्ता बदलण्याचे कलम तेवढे वेगळ्या पानावर मराठीत छापून, वाचून दाखवून, त्यावर सही घ्यावी. शोरूममध्ये हाराचे आणि पेढ्यांचे फोटो काढायला अर्धा तास जातोच, त्यात हेही होईल.

आपला,
एक जामीनदार, बार्शी
(भावाच्या धंद्यासाठी नाव छापू नये ही विनंती.)